कॉलेज मिळेल का, हे अजमावताना या चुका टाळा

मी ज्युनियर कॉलेजात गणित शिकवायचो. आता दर मे-जूनमध्ये मुलुंडला आमच्या घरी इंजिनिअरिंगला जायचं असलेली बारावीची मुलं आईबाबांना घेऊन येतात आणि विचारतात, "सर, मिळेल का?" चुका दर वर्षी त्याच होतात, आणि त्या हुशार मुलांच्या जास्त होतात. म्हणून लिहितो आहे.

पहिली चूक पर्सेंटाइलची. "जेईई मेनला 99 आहेत, आयआयटी पक्की ना?" नाही. ही परीक्षा चौदा लाखांहून जास्त मुलं देतात. 99 पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या पुढे साधारण चौदा हजार मुलं आहेत. शिवाय आयआयटीचा प्रवेश मेनच्या गुणांवर होतच नाही. मेनमधून पहिले अडीच लाख जेईई ॲडव्हान्स्ड या पुढच्या परीक्षेला बसू शकतात आणि पुढे चालते ती फक्त ॲडव्हान्स्डची रँक. पवईच्या आयआयटीत कॉम्प्युटर सायन्सची खुल्या गटातली जागा अलीकडे पहिल्या सत्तरच्या आतच संपते. मी मुलांना पर्सेंटाइल बोलूच देत नाही. "तुझ्या पुढे किती जण आहेत ते सांग," एवढंच विचारतो.

दुसरी चूक अर्जात कॉलेजांचे पर्याय भरण्याच्या क्रमाची, आणि ही मला सगळ्यात जास्त छळते.

भांडुपची एक मुलगी होती. राज्याच्या सीईटी या प्रवेश परीक्षेचे गुण चांगले, मनात माटुंग्याचं कॉलेज. तिच्या बाबांना एका सल्लागाराने पैसे घेऊन सांगितलं, "तिथे चान्स कमी आहे, वर टाकून पर्याय वाया घालवू नका. जे नक्की मिळेल ते एक नंबरला टाका." त्यांनी तसंच केलं. पहिल्या फेरीत एक नंबरचं कॉलेज मिळालं. आपल्या राज्याच्या कॅप राऊंडमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेरीत, पहिला पर्याय मिळाला की जागा ऑटो फ्रीझ, म्हणजे आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांचं दार बंद होतं. यादी लागल्यावर कळलं की माटुंग्याला तिला हवी असलेली शाखा तिच्याहून कमी गुणांच्या मुलांना मिळाली होती. ती आमच्या बाहेरच्या खोलीत बसून रडत होती आणि तिचे बाबा खिडकीबाहेर बघत होते. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

नीट समजून घ्या. तुमचा मेरिट नंबर आला की यादी वरून खाली वाचली जाते आणि जिथे जागा शिल्लक आहे तो पहिला पर्याय तुम्हाला दिला जातो. वरचा पर्याय मिळाला नाही म्हणून खालच्या पर्यायावरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. मग अवघड कॉलेज वर टाकायला भ्यायचं कशाला? 2025 पासून तर दुसऱ्या फेरीत पहिले तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिले सहा पर्याय ऑटो फ्रीझमध्ये आले आहेत, म्हणजे क्रम आणखीच जपायला हवा.

माझी पद्धत साधी आहे. प्रत्येक कॉलेज-शाखेची चिठ्ठी करतो, चिठ्ठ्या सतरंजीवर पसरतो आणि दोन-दोन उचलून विचारतो, "या दोन्ही जागा आत्ता हातात दिल्या तर कुठे जाशील?" कट-ऑफचा, म्हणजे आधीच्या वर्षी कुठली जागा कितव्या नंबरवर संपली त्याचा, कागद तेव्हा कपाटात असतो. दोन तास लागतात. "सर, लिंक पाठवा, तिथे यादी तयार मिळते," म्हणणाऱ्यांना मी परत पाठवतो. चार वर्षं जिथे घालवायची, तिथे दोन तास देता येत नसतील तर मी काय करू?

कट-ऑफ चुकीच्या ओळीत वाचणं ही आणखी एक. आयआयटी-एनआयटीच्या यादीत ओबीसीच्या ओळीतला आकडा त्या गटातली रँक असतो; त्याच्याशी सर्वसाधारण रँक ताडून गेल्या वर्षी एक वडील आशा सोडूनच आले होते. मुलींनी आयआयटी-एनआयटीची मुलींसाठी राखीव असलेली ओळही बघावी आणि सगळ्यांसाठीची ओळही, त्यांचा विचार दोन्हीकडे होतो. आकडा शेवटच्या फेरीचा घ्या आणि किमान तीन वर्षांचा घ्या.

लॉगिनचा पासवर्ड सायबरवाल्याला देऊ नका.

ॲडव्हान्स्डच्या नादात बोर्ड सोडू नका. आयआयटीला 75 टक्के (एससी, एसटी आणि दिव्यांग मुलांना 65) किंवा बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं.

आणि ओबीसी मुलांचा नॉन-क्रिमीलेअरचा दाखला. आयआयटी-एनआयटीला केंद्राच्या नमुन्यातला आणि त्याच वर्षाच्या 1 एप्रिलला किंवा त्यानंतर काढलेला हवा, राज्याचा चालत नाही. निकाल लागल्यावर सेतूत धावू नका. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच अर्ज टाका आणि नमुना स्वतः छापून सोबत न्या.