पहिलं आर्ग्युमेंट बघा, क्लास तिथेच आहे

बारा वर्षं सी भाषेत काढल्यावर मी ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग शिकायला बसले, तर उदाहरणांत जिकडेतिकडे प्राणी. कुत्रा भुंकतो, मांजर म्यांव करते, दोघांचा बाप ‘ॲनिमल’. माझ्या मीटर वाचणाऱ्या प्रोग्रामचं त्यात काय करायचं? शेवटी प्राणी सोडले आणि जुना कोड उघडला. तुम्हीही तेच करा.

फंक्शनांची यादी काढा आणि प्रत्येकाचं पहिलं आर्ग्युमेंट बघा. माझ्याकडे मीटर_रीड, मीटर_कॅलिब्रेट, मीटर_प्रिंट अशी चौदा निघाली. सगळ्यांना पहिला पॉइंटर एकाच स्ट्रक्टचा. झाला क्लास. फील्ड आणि फंक्शनं एकत्र आणा, नावाच्या सुरुवातीचं ‘मीटर_’ काढा. तो पॉइंटर कुठे जात नाही, सी++मध्ये ‘धिस’ होऊन लपतो, पायथनमध्ये ‘सेल्फ’ म्हणून समोर दिसतो. ब्यार्न स्ट्राउस्ट्रप यांनी १९७९मध्ये सुरू केलेल्या ‘सी विथ क्लासेस’चा, म्हणजे सी++च्या पहिल्या रूपाचा, कोड तर प्रीप्रोसेसरमधून साधा सी होऊनच बाहेर पडायचा.

इथवर नुसती सामानाची हलवाहलव. आता सी++मध्ये फील्ड प्रायव्हेट करा, म्हणजे क्लासबाहेरच्या कोडला त्यांना हात लावता येणार नाही, आणि कंपाइल करा. जिथे जिथे एरर येईल, तिथे बाहेरचं कुणीतरी आत हात घालत होतं. माझ्या रिपोर्टच्या फाइलमध्ये एक ओळ मीटरचा ऑफसेट (रीडिंग सुधारायला मिळवायचा आकडा) गुपचूप शून्य करत होती. त्या चुकीच्या आकड्यांमागे मी पूर्वी दोन दिवस घालवले होते. कंपाइलरने थेट त्या ओळीवर बोट ठेवलं.

एरर घालवायला लगेच सेटर, म्हणजे बाहेरून फील्ड बदलू देणारं फंक्शन, लिहू नका. ते म्हणजे कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकवणं. बाहेरच्याला ऑफसेट कशाला हवा होता ते बघा. माझ्या रिपोर्टला फक्त मूळ, न सुधारलेलं रीडिंग हवं होतं. मीटरला ‘रॉ_रीडिंग’ दिलं, काम झालं.

मग स्विच शोधा. मीटरच्या प्रकारावरचा स्विच एकाच जागी असेल तर राहू द्या, मी अजून ठेवते. तोच तीन फाइलींत दिसला, आणि नवा प्रकार आला की तिन्हीकडे केस घालावी लागत असेल, तर प्रत्येक प्रकाराचा वेगळा क्लास करा; ‘रीड’ ज्याचं त्याने लिहावं.

इनहेरिटन्स, म्हणजे एका क्लासला दुसऱ्याचा बाप करून त्याचा कोड वापरणं, मात्र जपून. पुन्हा कोड लिहायचा वाचेल म्हणून मी सीरियल पोर्टला मीटरचा बाप केलं होतं. पुढे नेटवर्कवरून बोलणारा मीटर आला आणि सगळं उसवावं लागलं. मीटरला पोर्ट असतो, मीटर म्हणजे पोर्ट नव्हे. पोर्टची जागा मीटरच्या एका फील्डमध्ये.

आणि सरासरी काढणारं फंक्शन? त्याला काहीच लक्षात ठेवायचं नसतं. माझं अजून फंक्शनच आहे.