बॉक्सर निधीची वाटाघाट वर्गात कशी घ्यावी

सांगलीतल्या विलिंग्डन कॉलेजला ज्यांचं नाव आहे, ते मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन १९२६ साली शिष्टमंडळ घेऊन चीनला गेले होते. १९०० मध्ये चीनमध्ये परकीयांविरुद्ध बॉक्सर उठाव झाला, तो मोडल्यावर परकीय सत्तांनी चीनवर नुकसानभरपाई लादली; तिच्यातला ब्रिटनचा वाटा चीनसाठी कसा खर्चायचा, हा प्रश्न होता. आपल्याकडच्या राज्यशास्त्राच्या वर्गात वाटाघाटीचं प्रात्यक्षिक घ्यायला याहून चांगला विषय नाही. दोन तासिका सलग मिळवा.

सुरुवात फळ्यावरच्या हिशोबानं करा. १९०१ च्या करारानं सगळ्या सत्तांची मिळून रक्कम ठरली ४५ कोटी हायक्वान टेल, व्याज ४ टक्के, हप्ते १९४० पर्यंत. टेल हे चांदीचं हिशोबी माप, हायक्वान म्हणजे चिनी जकात खात्याचं. करारातला दर एका टेलला ३ शिलिंग. वीस शिलिंगांचा पौंड, म्हणजे पावणेसात कोटी पौंड. गणित मुलांनाच करू द्या, मग विचारा: चांदी उतरली तर तोटा कुणाचा? चीनचाच, कारण देणं सोन्याच्या भावानं धरलं गेलं. पुढे फ्रँक घसरल्यावर फ्रान्सनं सोन्याचे फ्रँक मागितले आणि तो वाद १९२५ पर्यंत चिघळला. म्हणून चलनाचं कलम सर्वांत आधी लिहून घ्या.

मग चार-चार जणांचे दोनच गट करा: ब्रिटन आणि नानकिंग सरकार, म्हणजे १९३० च्या तोडग्याच्या वेळचं चीनचं सरकार. चिनी गटात दोघांना रेल्वेची आणि दोघांना शिक्षणाची बाजू चिठ्ठीवर द्या. खरी ओढाताण घरातच होते. ब्रिटिश गटातल्या एकाला मायदेशी कारखान्यांसाठी मागणी मिळवायची आहे. चिनी गटाच्या हाती एक दाखला ठेवा: अमेरिकेनं परत केलेल्या पैशासाठी १९२४ मध्ये नेमलेल्या मंडळात १० चिनी आणि ५ अमेरिकी होते.

बहुतेक वेळा गाडी अडते ती ‘सगळं माफ करा’ या मागणीवर. मागणी न्याय्यच आहे, पण त्यात अर्धा तास जातो; दहा मिनिटांनी थांबवा. मसुद्यात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: विश्वस्त किती आणि कुणाचे, मुद्दल कशात गुंतवायचं, माल कुठून घ्यायचा, व्याज कुणाला. ‘शिक्षण आणि रेल्वे दोन्हींसाठी’ असं मोघम वाक्य आलं की मसुदा परत करा.

त्यानंतरच १९३० चा खरा तोडगा सांगा. बराचसा पैसा रेल्वे व इतर उत्पादक कामांना कर्जाऊ, त्याचं व्याज शिक्षणाला, विश्वस्तांत बहुमत चिनी, आणि परदेशी सामानाची खरेदी ब्रिटनमधून. दोन्ही बाजूंना घरी जाऊन दाखवता येईल असं काहीतरी त्यात होतं.

शेवटी एक कागद वाचून दाखवा: याच निधीच्या कर्जातून कँटन-हँको रेल्वे १९३६ मध्ये पुरी झाली, ऑक्टोबर १९३८ मध्ये तिची दोन्ही टोकं जपानच्या ताब्यात गेली. आता शाळांचं व्याज कुठून येणार? राखीव रकमेचं कलम बहुतेक मसुद्यांत नसतं. ते घालायला दहा मिनिटं द्या आणि गुण या दुरुस्त मसुद्यालाच द्या.