कंदांची फुलझाडं लावताय? या चुका टाळा

फूल गळलं की पानं कापून कुंडी ‘नीट’ करणं, ही नाशकात सगळ्यात जास्त दिसणारी चूक. पुढच्या वर्षीचं फूल यंदाच्या पानांनी कंदात साठवलेल्या अन्नावर येतं. फुटबॉल लिलीला मे महिन्याच्या सुमारास लाल चेंडू येतो आणि मग पावसाळाभर पानं कंद पोसत राहतात. गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत कुंपणाच्या कडेनं या लिलीची भरगच्च रांग होती. गणपतीच्या तोंडावर साफसफाई निघाली आणि माळीकाम घेतलेल्या माणसानं सगळी हिरवीगार पानं जमिनीलगत छाटली. मी धावत खाली गेले तोवर पानांचा ढीग टेम्पोत पडला होता. पुढच्या मे महिन्यात पानं आली, तीही अरुंद, मलूल. फूल एकही नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, “कंद जुने झाले असतील, फेकून द्या.” अहो, उपाशी होते ते! पानं आपोआप पिवळी पडून लोळेपर्यंत कात्री लावू नका. अंगण चार महिने जरा अस्ताव्यस्त दिसलं तर दिसू दे.

आणि एकदा पानं वाळली की पाणी तोडा. इथेच दुसरा घोळ होतो. “झाड मेलं वाटतं” म्हणत लोक रोज तांब्याभर पाणी ओततात. भिजलेल्या चाळीतल्या कांद्याचं काय होतं ते या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको; वरचं टरफल शाबूत आणि आत लिबलिबीत. कंदाचं अगदी तसंच होतं. थंडीभर माझ्या फुटबॉल लिलीच्या कुंड्या जिन्याखाली कोरड्या पडून असतात. उन्हाळ्यात टोक वर दिसलं की मगच पाणी.

शेतातली काळी माती पोत्यानं आणून कुंडीत दाबून भरू नका, पावसाळ्यात तिचा चिखल होतो. मी अर्धी लाल माती, पाव भाग जाडी वाळू आणि पाव भाग जुनं, वास न येणारं शेणखत घेते. पावसाळ्यात कुंडीखालची बशी काढून ठेवते.

अमरिलिसचा कंद पूर्ण गाडू नका, मान मातीच्या वर हवी. निशिगंध मात्र दोन-तीन इंच खोल लावा. त्याचा एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, बाजूची पिल्लं फुलतात. म्हणून गड्डा दर दोन-तीन वर्षांनी सोडवा. युरियानं पानंच माजतात. ग्लॅडिओलस सप्टेंबर-ऑक्टोबरात लावा, भर उन्हाळ्यात नाही.

ट्यूलिप ऑनलाइन मागवण्याचा मोह तर सोडूनच द्या. त्याला १२ ते १६ आठवडे ९ अंशांच्या आतली सलग थंडी लागते. आपल्याकडे जानेवारीत पहाटे हुडहुडी भरते, पण दुपारी २८ अंश. आधीच थंड करून पाठवलेला कंद एकदा फुलेलही, दुसऱ्या वर्षी नाही. त्याच पैशांत सोनटक्का आणि निशिगंधाचे भरपूर कंद येतात, आणि ते वर्षानुवर्षं वाढत राहतात.

शेवंती काही कंदाची नाही, पण तिला कळ्याच धरत नाहीत, असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, कुंडीवर पोर्चचा दिवा रात्रभर जळतो का? शेवंतीला कळी धरायला लांब, अंधारी रात्र लागते. खतं बदलण्याआधी कुंडी दिव्यापासून हलवा.