शेवटच्या पानावर देवी कुठून आली? सायन्स फिक्शन आणि फॅण्टसी लिहिताना या चुका टाळा

कराड-पाटणकडची पोरं हल्ली दिवाळी अंकांसाठी भन्नाट कथा लिहायला लागलीत, त्यातल्या बऱ्याच माझ्याकडे वाचायला येतात आणि गंमत अशी की सुरुवातीला सायन्स फिक्शन असलेली कथा शेवटाला फॅण्टसी होऊन बसते, लिहिणाऱ्याला पत्ताच नसतो.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे यान दिसलं की सायन्स फिक्शन, तलवार दिसली की फॅण्टसी. असं नसतंय. १९७७चा पहिला 'स्टार वॉर्स' बघा, यानं आहेत, रोबोट आहेत, पण आत राजकन्या, म्हातारा गुरू, शेतावरचं पोरगं आणि कुठून येते ते कुणीच विचारत नाही अशी एक शक्ती, म्हणजे सांगाडा परीकथेचाच की. अशक्य गोष्ट घडली की कथा तिचा हिशोब कसा देते, फरक तिथं पडतो. आपल्याच जगाचे नियम पुढे ताणले तर काय होईल, हे सायन्स फिक्शन बघते. फॅण्टसी सरळ सांगते, इथले नियमच वेगळे आहेत, मान्य असेल तर आत या.

आता आपल्या घरचं उदाहरण घेऊ. ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप, आमच्या भागातला माणूस यावर लिहिणारच. समजा हिरो भूशास्त्रज्ञ आहे, धरणाखाली काहीतरी हलतंय, रीडिंग चढतायत, वाचक श्वास रोखून बसलाय, आणि शेवटच्या पानावर गावची देवी डोळे उघडते, सगळं शांत. काय राव! देवी आणली म्हणून राग नाही, उशिरा आणली म्हणून आहे. तिला ठेवायचं असेल तर पहिल्या पानापासून तिचा वावर दिसू दे, ती काय करू शकते, बदल्यात काय मागते ते कळू दे. नाहीतर भूशास्त्र शेवटपर्यंत धरून ठेवा, तिथं मसाला काय कमी आहे का? पावसाळ्यात जलाशय भरतो, पाण्याचा दाब खडकांच्या भेगांत खोल उतरतो, पाण्याची पातळी किती वेगाने चढते यालाही महत्त्व असतं, आणि शास्त्रज्ञांनी तर तिथं ३ किलोमीटर खोल बोअर मारलंय. आता वरून मुसळधार पाऊस, पाणी सोडावं तर खालची गावं बुडतात, अडवावं तर जमीन हलण्याची भीती. घ्या, विषय हार्ड झाला ना? देवीची गरजच पडली नाही.

दुसरी चूक जाणकारांची. विज्ञान चुकलं की लगेच 'ही फॅण्टसी' म्हणायचं. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नने १८६५च्या कादंबरीत माणसं तोफेच्या गोळ्यात बसवून चंद्राकडे उडवली, खरंच तसं केलं असतं तर पहिल्या झटक्यातच आतल्यांचा चेंदामेंदा झाला असता. इंग्रज लेखक एच. जी. वेल्सने १९०१च्या कादंबरीत गुरुत्वाकर्षण अडवणारा पदार्थच कल्पनेतून काढला, त्यावर व्हर्न कुरकुरला की मी भौतिकशास्त्र वापरतो आणि हा नुसतं रचतो. तरी दोघंही सायन्स फिक्शनवालेच, कारण एकदा मानलेली गोष्ट दोघांनी तर्काने पुढे नेली.

फॅण्टसीत काहीही चालतं असं समजणारे तर लय भेटतात. उलट तिथं जास्त शिस्त लागते. मंत्राने भिंत पडत असेल तर हिरो तुरुंगात का बसलाय, हे वाचक विचारणारच. कथा अडली की बहुतेक वेळा जादूची किंमत ठरवायची राहिलेली असते, मंत्र म्हटला की एक आठवण पुसली जाते असं काहीतरी ठेवा, गाडी आपोआप पुढे सरकते. (पुष्पक विमानाचं पण तेच, फॅण्टसी म्हणून मस्त वापरा, पण नुसतं इंजिन बसवून सायन्स फिक्शन होत नाही.)

आणि विज्ञानाचं लेक्चर मधेच झोडू नका. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून उतरवून काढली पत्नीने, आणि पहिला नंबर आला. म्हणजे परीक्षकांपुढे नाव नव्हतं, डिग्री नव्हती, फक्त कथा होती.

दोन्ही मिसळायचं असेल तर खुशाल मिसळा, फक्त पहिल्या दोन-तीन पानांतच वाचकाला तसा वास येऊ द्या. आणि अंकाला पाठवण्याआधी कथा एखाद्या मित्राला अर्धीच द्या, पुढे काय काय होऊ शकतं ते विचारा. त्याच्या यादीत तुमच्या शेवटाच्या जवळपासचंही काही नसेल तर शेवटाला हात लावू नका, सुरुवात दुरुस्त करायला घ्या.