पीएच.डी.च्या मार्गदर्शकांसोबत काम करताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून पीएच.डी. करणारी मुले माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात आणि बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडलेली असते: काम रखडले की ती मार्गदर्शकांकडे जायचेच बंद करतात. "प्रकरण पूर्ण झालं की सरांना दाखवतो," हे वाक्य ऐकले की मला धास्ती वाटते, कारण मी स्वतः तसेच सात महिने घालवले आहेत.

माझा विषय खानापूर तालुक्यातील एकोणिसाव्या शतकातील जमीन-नोंदींचा होता. मोडीतले कागद मला नीट लागत नव्हते आणि ते कबूल करायची लाज वाटत होती, म्हणून मी सरांचे फोनही टाळले. शेवटी ११८ पाने घेऊन गेलो. सरांनी अकरा पाने उलटली, पेनाला टोपण लावले आणि म्हणाले, "इनाम जमिनी आणि रयतवारीच्या जमिनी तुम्ही एकाच हिशेबात धरल्यात. पहिल्या महिन्यात आला असतात, तर अर्ध्या तासात सुटलं असतं." इनाम म्हणजे बक्षीस दिलेली, सारा माफ किंवा कमी असलेली जमीन, तर रयतवारीत शेतकरी थेट सरकारला सारा भरतो; हा फरकच मी पाहिला नव्हता. त्यातली सत्तर पाने मला नव्याने लिहावी लागली. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी, कच्ची का असेनात, दोन पाने त्यांच्या टेबलावर ठेवण्याचा नेम मी मोडला नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. त्याच्या आदल्या रात्री चाळीस पाने पाठवून सकाळी सही मागणे हा मार्गदर्शकांवर अन्याय आहे.

दुसरी चूक म्हणजे तोंडी ठरलेले लिहून न ठेवणे. प्राध्यापकांकडे एका वेळी आठ संशोधकांपर्यंत असू शकतात, तेव्हा तुमचे तिसरे प्रकरण त्यांच्या लक्षात राहील असे गृहीत धरू नका. त्याच संध्याकाळी चार ओळींचा ईमेल करा.

निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या प्राध्यापकांना नवे संशोधक घेता येत नाहीत, हे अर्ज करण्याआधीच पाहा.

पैसे देऊन प्रकरणे लिहून घेणाऱ्यांशी मी बोलतच नाही.

विद्यापीठाचे कन्नड परिपत्रक न वाचताच सरांपुढे ठेवणारेही पुष्कळ आहेत. ते आधी कन्नड येणाऱ्या मित्राकडून समजून घ्या, मुदतीची तारीख वहीत टिपा आणि मगच सहीसाठी जा.