बाहेरच्या टेबलांवर माश्या होतायत? आधी कचऱ्याचा ड्रम उचलून खाली बघा

काकतीपासनं निपाणीपर्यंत हायवेला आणि खाली खानापूर साइडला झाडाखाली टेबलं टाकून जेवण देणाऱ्यांसाठी हे लिहायलोय. आंबा-फणसाचा सीझन संपत आला आणि मिरगाचा पाऊस लागला की सगळ्यांची एकच तक्रार असतंय, गिऱ्हाईक एका हातानं जेवतंय आणि दुसऱ्या हातानं माश्या हाकलतंय.

मी दोन वर्षं नुसता स्प्रे मारत होतो. संध्याकाळी मारायचा, सकाळी परत तेवढ्याच. मग एकदा आमच्या पोरानं मागचा खरकट्याचा ड्रम धुवायला सरकवला आणि ओरडला, "दादा, हिकडं या की जरा". ड्रमखालची माती काळी, चिकट झालेली, त्यात पांढऱ्या आळ्या वळवळत होत्या, आणि वीतभर लांब जिथं माती कोरडी होती तिथं विटेखाली गव्हाच्या दाण्याएवढे तपकिरी कोष, मूठभर तरी असतील. म्हणजे माश्या बाहेरनं येतच नव्हत्या, आमच्याच अंगणात तयार होत होत्या.

हिशोब सोपा आहे. एक माशी एका वेळी 75 ते 150 अंडी घालते, एका दिवसाच्या आत त्याच्या आळ्या होतात, आणि आपल्याकडच्या गरमीत 7 ते 10 दिवसांत उडणारी माशी तयार. स्प्रेनं उडणारी मरते, आळी आणि कोष खाली तसेच राहतात. म्हणून एकच नियम धरा, ओलं आणि कुजणारं काहीही आवारात आठवडाभर एका जागी राहता कामा नये.

सुरुवात ड्रमापासनं करा. तो मातीवर ठेवूच नका, खाली फरशी नाहीतर सिमेंटचा कोबा पाहिजे, थोडा उतार देऊन, म्हणजे धुतलेलं पाणी गटारात जाईल. घट्ट झाकण, आत जाड पिशवी, पिशवी पाऊण भरली की गाठ मारायची. आपल्याकडं उन्हाळ्यात-पावसाळ्यात वारं जास्त करून पश्चिमेकडनं येतंय, तेव्हा ड्रम टेबलांच्या पूर्वेला आणि जमेल तेवढा लांब ठेवा, वास गिऱ्हाइकाकडं येणार नाही. रोज रात्री साबण आणि ब्रशनं घासून सकाळी उन्हात पालथा घाला. मटण-चिकनचं ओलं वेस्ट, माशाची खवलं हे घंटागाडी येईपर्यंत उघड्यावर ठेवायचंच नाही, आम्ही एक जुना डीप फ्रीजर फक्त त्याच्यासाठी ठेवलाय, पिशवी बांधून त्यात टाकतो आणि गाडी आली की थेट गाडीत. खर्च वाटतो पण निळ्या-हिरव्या मोठ्या माश्या कमी झाल्या त्या ह्याच्यानंच.

दुसरी जागा गटार आणि भांडी घासायची मोरी. लोक फिनेल ओततात आणि झालं म्हणतात, पण पाइपच्या आतल्या बाजूला तेलाचा आणि रश्श्याचा जो बुळबुळीत थर बसतो तो फिनेलनं निघत नाही, लांब दांड्याचा कडक ब्रश आणि गरम पाणी घेऊन घासावाच लागतो, आठवड्यातनं दोनदा तरी. मोरीवर बारीक माश्या घोंगावत असतील तर रात्री जाळीवर सेलोटेप आडवी लावा, चिकट बाजू खाली करून, सगळी जाळी झाकू नका. सकाळी माश्या चिकटलेल्या दिसल्या तर घर त्याच मोरीत आहे.

टेबल पुसायचं फडकं. ह्याच्यावर मी पोरांशी सगळ्यात जास्त भांडलोय. दिवसभर एकच आंबट फडकं सगळ्या टेबलांवर फिरवलं तर तुम्ही रस्साच पसरवताय, पुसत नाहीये. तासाभरानं फडकं बदला, वापरलेली रात्री उकळत्या पाण्यात घालून वाळवा. बाकड्यांच्या फटी, टेबलाचे पाय, पेव्हर ब्लॉकच्या मधली माती, सगळीकडं कढी, ताक, सरबत सांडलेलं असतंय. सोडा-सरबताच्या रिकाम्या बाटल्या विसळल्याशिवाय क्रेटमध्ये टाकू नका.

शेजारचं पण बघावं लागतंय. शेजारी म्हशीचा गोठा किंवा रसवंती असेल तर भांडण न करता जाऊन बोला. शेण पातळ पसरून वाळवलं किंवा ढीग प्लॅस्टिकच्या कागदानं चारी बाजूंनी दाबून झाकला तर आतल्या उष्णतेनं आळ्या मरतात, उसाची चिपाडं रोजच्या रोज उचलायला सांगा, पाहिजे तर आपलाच माणूस द्या. कुंड्यांत कच्चं शेणखत घालू नका.

रात्री माश्या मंडपाच्या दोऱ्या, बल्बच्या वायरी, छपराच्या कडा इथं बसतात, तिथं काळे ठिपके दिसतील. ते ठिपके साबणानं पुसून काढा, त्या वासानं बाकीच्या तिथंच येतात.

हे सगळं केल्यावर मग फॅन. मोठा पेडेस्टल फॅन टेबलाच्या उंचीला लावला तर माशीला ताटावर बसता येत नाही. निळ्या लाइटचं मशीन मात्र बाहेर टेबलावर टांगू नका, करंटनं मेलेल्या माशीचे तुकडे उडून ताटात पडतात. विषारी गोड दाणे ठेवायचे तर मागं ड्रमजवळच, जेवणापासनं आणि पोराबाळांपासनं लांब. पाण्याच्या पिशव्या टांगण्यावर भरवसा ठेवू नका. फूड लायसन्सच्या शेड्यूल 4 मध्ये पण झाकलेला कचरा आणि स्वच्छ गटार हेच लिहिलंय, तपासणीला त्याच गोष्टी बघतात.

फरक कळायला रोज दुपारी 1 वाजता एकच ठरावीक टेबल घ्या, 10 मिनिटांत किती माश्या बसल्या ते मोजून कॅलेंडरवर लिहा. पहिले दोन आठवडे आकडा फारसा हलणार नाही, कारण आधी जन्मलेली माशी दोन ते चार आठवडे जगते. तेवढ्यात कंटाळून परत स्प्रेवर जाऊ नका. आमचा आकडा तिसऱ्या आठवड्यात उतरायला लागला, आणि मधे एक दिवस अचानक चढला तेव्हा शोधलं तर फ्रीजच्या खालचा पाण्याचा ट्रे आठ दिवस कुणी काढलाच नव्हता.