'ॲन इन्स्पेक्टर कॉल्स' बसवताय? या चुका टाळा

जे. बी. प्रिस्टलीच्या या इंग्रजी नाटकात बर्लिंग या कारखानदाराच्या घरी एक इन्स्पेक्टर येतो, एव्हा नावाच्या तरुणीच्या आत्महत्येची चौकशी करायला. ते मराठीत करायला घेतलं की आपली इंदूरची हौशी मंडळी पहिल्याच वाचनाला वाटणी करून मोकळी होतात: आईबाप वाईट, मुलं चांगली. या एका चुकीपायी चांगले नट असलेले प्रयोग पडलेले मी पाहिलेत.

संहिता नीट वाचा. बर्लिंग एव्हाला कारखान्यातून काढतो, कारण आठवड्याची मजुरी साडेबावीस शिलिंगांवरून २५ करा म्हणून संप करणाऱ्यांत ती पुढं असते. पण त्याची मुलगी शीला निव्वळ मत्सरापोटी तिची दुकानातली नोकरी घालवते. मुलगा एरिक दारूच्या नशेत तिच्यावर जबरदस्ती करतो, वर बापाच्या कंपनीतले पैसे चोरतो. अपराध सगळ्यांचेच आहेत. मुलं केलेलं कबूल करतात, आईबाप अब्रूची काळजी करत बसतात. नाटक इथं आहे.

इथल्याच एका प्रयोगात बर्लिंग झालेल्या काकांनी मिशा पिळत, गडगडाटी हसत काम केलं. पुढच्या रांगांत निवृत्त अधिकारी, व्यापारी. टाळ्या भरपूर पडल्या. मध्यंतरात 'काय नालायक माणूस दाखवलाय!' म्हणत सगळे निवांत कचोरी खात होते. स्वतःचं घर एकालाही आठवलं नाही. पुढच्या प्रयोगाआधी मी त्यांना एवढंच म्हटलं, "काका, जावयाला धंद्याचा सल्ला देता ना, तसं बोला." संवाद तेच, पण या वेळी पुढच्या रांगा चुळबुळायला लागल्या.

यूट्यूबवर सारांश ऐकून तालमीला येणाऱ्यांना मी परत पाठवते. हा विषय आपल्याच शहरात घडलाय: इंदूरची हुकुमचंद ही कापडगिरणी १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीला २०२३ चा डिसेंबर उजाडला. तालमीत गिरणी कामगाराच्या घरातलं कुणी असेल तर आधी त्याला बोलतं करा.

शीलाचा होणारा नवरा जेराल्ड तिशीचा आहे म्हणून त्याला मुलांच्या गटात उभं करू नका. इन्स्पेक्टर खरा नव्हता हे बाहेर जाऊन तोच शोधून आणतो, आणि काही घडलंच नाही अशा थाटात शीलापुढं तिनं परत केलेली साखरपुड्याची अंगठी धरतो. ती लगेच घेत नाही. तिथं घाई नको.

शीलाला तिन्ही अंक रडवू नका. पहिल्या अंकात ती रडत आत जाते, तेवढं पुरे. परत येते ती स्वच्छ डोळ्यांनी बघायला लागलेली मुलगी.

इन्स्पेक्टरनं ओरडू नये.

बर्लिंग 'आपण आपलं पाहावं' हे ज्ञान देत असतानाच बेल वाजते. वाक्य तोडूनच वाजली पाहिजे. बेलवाल्याचा मोबाइल मी काढून घेते.

आणि वेळ वाचवायला मिसेस बर्लिंगच्या चौकशीला कात्री लावू नका. ती ठासून सांगत राहते, एव्हाच्या पोटातल्या मुलाच्या बापालाच धरा, त्यालाच शिक्षा करा. शीला तिला थांबवू पाहते, ती थांबत नाही. मग एरिक आत येतो.